देवाच्या नावाने दिलेला पैसा : मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वार्षिक सभेत, उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात आणि खजिनदाराच्या टेबलापाशी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. काही मोठ्याने विचारले जातात, बरेचसे दबक्या आवाजात. प्रोटेस्टंट मंडळी (म्हणजे चर्चचा समुदाय) असो की कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश), प्रश्न जवळपास तेच असतात. उत्तरं देताना पवित्र शास्त्र, आपल्याकडचा इतिहास आणि महाराष्ट्रात लागू असलेला कायदा समोर ठेवला आहे. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच धारणा आहे. देवाच्या नावाने दिलेला पैसा ज्याच्यासाठी दिला त्याचा असतो. तो देणाऱ्याचा राहत नाही आणि सांभाळणाऱ्याचा तर कधीच होत नाही.

अर्पण पेटीत टाकलं की माझा त्याच्याशी संबंध संपला, असं समजावं का?

मालकी संपते, काळजी संपत नाही. पवित्र शास्त्रातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट येते. त्यांनी शेत विकलं, काही पैसे ठेवून घेतले आणि सगळे दिले असं भासवलं. ती गोष्ट आपण नेहमी शिक्षेसाठी लक्षात ठेवतो. पण त्यात पेत्र काय म्हणतो ते पाहा. शेत विकण्यापूर्वी ते तुझंच होतं, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते. म्हणजे द्यायची सक्ती कोणीच केली नव्हती. काही भाग ठेवून घेतला म्हणून तो दोषी ठरला नाही, 'सगळं दिलं' असं खोटं सांगितलं म्हणून ठरला.

तेव्हा देण्यापूर्वी पूर्ण मोकळीक आहे. दिल्यानंतर मात्र 'मी एवढे दिले, मग कमिटीत माझं ऐकलं पाहिजे' ही भाषा बंद. सभासद म्हणून हिशेब विचारायचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे, दहा रुपये टाकणाऱ्या म्हातारीलाही आणि छप्पर घालून देणाऱ्या बिल्डरलाही.

हिशेब मागितला की 'देवाच्या सेवकावर संशय घेता का?' असं ऐकावं लागतं. हिशेब मागणं हे अविश्वासाचं लक्षण आहे का?

नाही. हा प्रश्न पहिल्या शतकातच निकालात निघाला आहे, आणि तो निकालात काढणारा प्रेषित पौल आहे, ज्याची मंडळ्यांना लिहिलेली पत्रं पवित्र शास्त्रात आहेत.

यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने गलतिया, मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांमधून वर्गणी जमवली. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो सांगतो की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी गोळा करायची वेळ येणार नाही. आणि रक्कम कोण नेणार? तुम्ही पसंत कराल ती माणसं, पत्रं घेऊन. मी जाणं योग्य वाटलं तर ती माझ्याबरोबर येतील.

दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात व्यवस्था आणखी कडक आहे. पौलाचा सहकारी तीत येतो आहे. त्याच्याबरोबर एक बंधू आहे, ज्याला मंडळ्यांनी या कामासाठी निवडून दिलं आहे. शिवाय आणखी एक बंधू आहे, ज्याची पारख अनेकदा झाली आहे. हे सगळं कशासाठी, तर एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून. पौल पुढे म्हणतो की जे योग्य ते आम्ही केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने करू पाहतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाच्या प्रवासातल्या सात सोबत्यांची नावं, बहुतेकांच्या गाव-प्रांतासकट दिली आहेत. ते या वर्गणीबरोबर निघालेले मंडळ्यांचे प्रतिनिधी असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात.

'देव पाहतो आहे, तेवढं पुरे' असं पौल म्हणाला नाही. ज्याने फटके खाल्ले, तुरुंग भोगला, तंबू शिवून पोट भरलं, तो माणूस थैली एकट्याने न्यायला तयार नव्हता. मग आपल्यापैकी कोणी, पाळकसाहेब असोत, बिशप असोत किंवा जन्मभर सेवा केलेले खजिनदार, त्या नियमातून सुटत नाही.

आणि बारा शिष्यांत थैली कोणाकडे होती, तेही विसरू नये. यहूदा त्या थैलीत टाकलेलं काढून घेत असे, असं योहान स्पष्ट लिहितो. साक्षात प्रभूच्या सोबत राहूनही पैशाशी एकटा असलेला माणूस घसरला.

'डाव्या हाताला कळू नये' असं प्रभू म्हणाला. मग पावत्या, याद्या, ऑडिट कशाला?

ती आज्ञा देणाऱ्यासाठी आहे. दान करताना कर्णा वाजवू नका, लोकांनी पाहावं म्हणून देऊ नका, हा तिचा रोख. पैसे सांभाळणाऱ्याला तिच्याआड लपता येत नाही. तुम्ही किती दिलं ते गुप्त राहू शकतं. एकूण किती आलं आणि कुठे गेलं, ते गुप्त राहता कामा नये.

म्हणूनच भिंतीवर देणगीदारांची नावं रकमेसकट रंगवणं आणि वार्षिक ताळेबंद मात्र कपाटात ठेवणं, ही उलटी रीत झाली. ती बदलावी.

रविवारचं अर्पण नेमकं कसं मोजावं?

इथे राजा योवाशाची गोष्ट वाचावी, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसे येत होते, याजक ते घेत होते, आणि योवाशाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नव्हती. कोणी चोरी केली असं शास्त्र म्हणत नाही. पैसा आला आणि रोजच्या खर्चात जिरला असावा, जसा तो कितीतरी ठिकाणी जिरतो. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येऊन मोजत आणि थैल्यांत बांधत. एक दरबाराचा माणूस, एक मंदिराचा.

त्याच अध्यायात, कारागिरांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत कारण ते सचोटीने वागत, असंही एक वाक्य आहे. काही जण नेमकं तेवढंच वाचून दाखवतात. पण ते वाक्य पेटी, दोन माणसं आणि मोजदाद यांच्या नंतर येतं. व्यवस्था आधी उभी राहिली, भरवसा तिच्यावर बसला.

आपल्याकडे हे असं करता येतं. उपासना संपली की पिशव्या वेस्ट्रीत (चर्चलगतच्या खोलीत) जातात. टेबलावर चादर अंथरावी, नाणी घरंगळत नाहीत. किमान दोघे मोजणारे, एकाच घरातले नकोत, आणि खजिनदार त्यांत नसले तर उत्तम. नोटा किमतीप्रमाणे लावाव्यात. पाकिटं वेगळी काढावीत, कारण त्यांवर मजकूर असतो: 'उपकारस्तुती, मुलीला नोकरी लागली', 'आईच्या स्मरणार्थ, विधवा फंडासाठी'. तो मजकूर वाचून, वहीत वेगळ्या रकान्यात उतरवून मगच पाकीट फाडावं. एकदा का नोटा ढिगात मिसळल्या की त्या आईची आठवण आणि त्या विधवांचा वाटा दोन्ही हरवतात. एकूण रक्कम आकड्यांत आणि अक्षरी, पेनाने लिहावी, तिथल्या तिथे दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आणि भरणा पूर्ण करावा. 'यातूनच आजच्या चहापाण्याचे, साउंडवाल्याचे देऊन टाकू, उरलेले बँकेत भरू' इथून घोळ सुरू होतात. आलेलं सगळं बँकेत, खर्च सगळा व्हाउचरवर.

क्यूआर कोडबद्दल एक शब्द. बाकावर चिकटवलेला कोड मंडळीच्या खात्याचाच असला पाहिजे. पाळकांच्या किंवा सेक्रेटरींच्या वैयक्तिक नंबरावर अर्पण जमा होत असेल तर ते आजच थांबवावं, माणूस कितीही सज्जन असला तरी. तो आजारी पडला, वारला, तर त्याच्या वारसांना आणि मंडळीला त्या पैशासाठी एकमेकांसमोर उभं राहावं लागेल.

एका कामासाठी आलेले पैसे दुसऱ्या, जास्त निकडीच्या कामाला वापरले तर काय बिघडलं?

देणाऱ्याला न विचारता वापरले तर बिघडलंच. या बाबतीत आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण नाही.

अमेरिकेत बोस्टनला १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं मदत देण्याचं तिने ठरवलं. त्या आधारावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांना शिकवायचं, त्यांच्या चालीरीतींत ढवळाढवळ करायची नाही आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, अशी त्या मदतीमागची समजूत होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार म्हणून पाठीशी उभी होती ती त्याच भरवशावर.

१८९३ मध्ये वादळ उठलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, अशी ओरड झाली. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कोणाला बोलावत नाही आणि येणाऱ्याला हाकलतही नाही. सल्लागार मंडळ बाहेर पडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या असोसिएशनने चौकशी केली आणि ती रमाबाईंच्या पाठीशी राहिली.

या वादात रमाबाईंना खोटारडं ठरवणाऱ्यांशी आमचं बिलकुल जमत नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं. पण 'तटस्थ' या एका शब्दातून दात्याने, सल्लागारांनी, पालकांनी आणि खुद्द बाईंनी वेगवेगळा अर्थ घेतला होता, आणि त्याची किंमत त्या मुलींनी मोजली, ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावला 'मुक्ती' ही रमाबाईंची संस्था उभी राहिली. ते उघडपणे ख्रिस्ती काम होतं, देणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, आणि मग तो प्रश्नच उरला नाही.

तेव्हा देणगी घेतानाच कागदावर लिहावं: कशासाठी, आणि काम होऊन काही उरलं तर कशाला. उरलेल्याबद्दल लिहिलेलं नसेल तर दात्याला फोन करून विचारावं. दाता हयात नसेल तर मूळ हेतूच्या सगळ्यात जवळचं काम निवडून कमिटीत ठराव करावा. एक वाट मात्र कायमची बंद करावी: 'सध्या इमारत फंडातून घेऊ, नाताळनंतर परत टाकू.' नाताळनंतर कोणी परत टाकत नाही.

मदत करताना समोरच्याचा धर्म पाहावा का?

पूर, दुष्काळ, आजार यांत पाहू नये. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला एकच आभार मानायला परतला आणि तो शोमरोनी होता, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातला. बाकीच्या नऊ जणांचं आरोग्य प्रभूने परत घेतलं नाही.

गलतीकरांच्या पत्रात सर्वांचं बरं करा आणि विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं, असं आहे. त्यामुळे मंडळीतल्याच विधवांसाठी किंवा शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळा फंड ठेवण्यात गैर काही नाही, फक्त तो तसा आहे हे देणाऱ्याला माहीत हवं. पण 'प्रार्थनेला या, मग किट मिळेल' हे पाप आहे. अशा एका किटमुळे, ज्यांनी खरोखर अंतःकरणापासून प्रभूला स्वीकारलं त्यांच्या पिढ्यांना 'पोटासाठी ख्रिस्ती झालेले' हा टोमणा ऐकावा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांपासून गावोगावच्या आपल्या आजी-आजोबांनी तो ऐकला आहे.

पाळकांचा पगार आणि ऑफिसचा खर्च देणगीतून करणं योग्य आहे का?

योग्य आहे. काम करणारा आपल्या मजुरीस योग्य आहे, असं पौल तीमथ्याला लिहितो, आणि मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको हे नियमशास्त्रातलं वचन त्याच्या जोडीला देतो. ज्यांच्या मुलांची फी थकलेली आहे अशा पाळकाकडून 'त्यागाची' अपेक्षा करणारी मंडळी गरिबांची काळजी घेते, असं म्हणवत नाही.

पगार ठरलेला असावा, ठरावात असावा, बँकेतून जावा. पाकिटातून हातात दिलेले पैसे, 'साहेबांच्या दौऱ्यासाठी' म्हणून उचललेली ठोक रक्कम, हे बंद. संस्थांच्या बाबतीत प्रशासकीय खर्च किती असावा, याचं सगळ्यांना लागू पडेल असं एक प्रमाण नाही. दवाखान्यात नर्सचा पगार हाच तर मुख्य खर्च असतो. तो प्रशासनात मोजून 'बघा, एवढे पैसे पगारावर' म्हणणं अन्यायाचं आहे.

दशमांश आपल्याच मंडळीत द्यावा लागतो का? आणि 'बी पेरा, शंभरपट मिळेल' असं प्रवचनात सांगतात, ते शास्त्राला धरून आहे का?

मलाखी या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात सगळा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा असं आहे, आणि कारणही आहे: माझ्या घरात अन्न असावं म्हणून. 'अनुवाद' या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी आपल्या वेशीत पोटभर खावा म्हणून ठेवायला सांगितला आहे. ज्या भांडारातून गरिबाच्या ताटात काहीच जात नाही, तिथे मलाखीचं वचन वाचून दाखवणं अपुरं आहे. आपली मंडळी आधी, हे आम्हालाही मान्य. बाहेर दिलं तर शाप लागेल, हे मान्य नाही.

'पेरा' या वचनाचे तर फार हाल झाले आहेत. जो सढळ हाताने पेरतो तो सढळ कापणी करील, हे पौलाने कुठे लिहिलं? त्याच यरुशलेमच्या वर्गणीच्या पत्रात, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात. मागणी उपाशी माणसांसाठी होती, मागणाऱ्यासाठी नव्हती. त्याच्या पुढचंच वाक्य असं की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर खाते क्रमांक झळकवत, 'आज रात्री बारापूर्वी दिलं तर तुमचं कर्ज फिटेल' म्हणणाऱ्याने हे वचन वापरू नये, आणि ऐकणाऱ्याने ते त्याच्या तोंडून स्वीकारू नये.

अर्पणात दोन टोल्या (अगदी क्षुल्लक किमतीची नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या लगेच आधी प्रभू कोणाबद्दल बोलतो? विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल. मंगळसूत्र काढून अर्पणात टाकणाऱ्या बाईचं व्यासपीठावरून कौतुक करण्याआधी, दुसऱ्या दिवशी तिच्या घरात चूल पेटेल का, हे पाहणं पाळकाचं काम आहे.

हंगामाच्या सणाच्या लिलावात बोली बोलतात, पैसे मात्र देत नाहीत. काय करावं?

लोकांनी पहिलं पीक, भोपळा, कोंबडी, केक असं काही आणलेलं असतं, उत्साहात एक नारळ हजारावर जातो आणि टाळ्या पडतात. तो आनंद खरा आहे, तो मोडू नये. मात्र बोललेली रक्कम 'येणे' म्हणून लिहावी, 'जमा' म्हणून नाही, आणि तिच्या भरवशावर खर्च ठरवू नये. वसुलीसाठी व्यासपीठावरून नावं वाचू नयेत. एका वडीलधाऱ्याने घरी जाऊन विचारावं. परिस्थिती बिघडली असेल तर माफ करून टाकावं आणि तसं लिहून ठेवावं.

गरजूला थेट द्यावं की संस्थेमार्फत?

दारात उभा असलेला उपाशी माणूस पावतीसाठी थांबू शकत नाही, त्याला जेवायला घालावं. पण कायमच्या मदतीसाठी घराघरात जाऊन पाहणारी माणसं लागतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत दुर्लक्षित राहू लागल्या, तेव्हा सात जण निवडले गेले. त्यांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलेच लोक वाटपावर बसवले. हे आजही करून पाहण्यासारखं आहे: मदत वाटणाऱ्या कमिटीत मदत घेणाऱ्या वस्तीतलं कोणी आहे का?

कॅथलिक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद जोडीने गरिबांच्या घरी जातात. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेली ही रीत आहे. घरी गेलं की कळतं, इथे धान्य नको आहे, इथे रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवून हवं आहे.

काय हवं ते विचारून खर्च केल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आरोग्याचं काम करायला गेले. लोकांची पहिली गरज औषधाची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. दुष्काळात त्यांनी बोअर घेतले, आणि हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. एकाच पंपाच्या पैशात तहान भागली आणि शिवाशिवीलाही धक्का बसला. गावातल्याच, बहुतेक शाळेत न गेलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कधी दान हे उत्तरच नसतं. वसईत १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे त्याला योग्य दराचं कर्ज मिळालं, तर त्याला दरवर्षी आपल्यासमोर हात पसरावा लागत नाही.

वाटपाचे फोटो काढावेत का? देणाऱ्यांना पुरावा हवा असतो.

पुरावा म्हणून सहीची यादी, दुकानाचं बिल, बँकेची नोंद पुरते. ब्लँकेटचं एक टोक कमिटीच्या हातात, दुसरं आजीच्या, आणि आजीची नजर जमिनीकडे: असा फोटो घेऊ नये. मुलांचे चेहरे तर मुळीच नकोत. दाता फोटोशिवाय देणार नसेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणावं.

पैसा वाईट मार्गाने आलेला असेल तर घ्यावा का?

प्रभूला पकडून देण्यासाठी मिळालेली आणि यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मुख्य याजकांनीही भांडारात टाकली नाहीत. रक्ताचं मोल म्हणून त्यातून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचं शेत घेतलं. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं कबूल केलं, पण ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करायचंही कबूल केलं. हाच क्रम धरावा. ज्याचं लुबाडलं त्याला आधी परत, देवाला नंतर.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांसाठी कोणापुढेही हात न पसरणारे जॉर्ज म्युलर, दाता स्वतःच कर्जात आहे असं दिसलं तर त्याची देणगी परत करत. शेकडो मुलं जेवायला बसलेली असताना असं करायला फार मोठा विश्वास लागतो.

पावती, करसवलत आणि परदेशातून येणाऱ्या पैशांबद्दल थोडक्यात काय लक्षात ठेवावं?

चर्चच्या रविवारच्या अर्पणावर सहसा करसवलत मिळत नाही. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत निव्वळ धार्मिक कामाला किंवा एकाच धर्माच्या लोकांसाठी चालवलेल्या कामाला नाही. शाळा, दवाखाना, वसतिगृह चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला ती मिळू शकते. तिथेही दोन हजार रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. खोटी पावती फाडून सवलत 'करून देणं' ही चोरी आहे, ती चर्चच्या लेटरहेडवर केली तरी.

परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांसाठीचा कायदा) खालच्या नोंदणी किंवा परवानगीशिवाय घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्चता येत नाही आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या तुमच्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, मग तो तुमच्या मांडीवर वाढलेला का असेना.

मिशन कंपाउंडची जागा विकून मंडळीचं कर्ज फेडलं तर चालेल का?

सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ तेच सांगतं. पण परवानगी मिळाली म्हणून विकावं असं नाही. ती जमीन कोणीतरी शाळेसाठी, दवाखान्यासाठी, दफनभूमीसाठी दिली होती. आजच्या कमिटीची मुदत संपते, दफनभूमीची गरज संपत नाही. विक्रीचा विषय निघाला की किंमत, खरेदीदार आणि पैशाचा विनियोग हे तिन्ही सर्वसाधारण सभेत मांडल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू देऊ नये.

गैरव्यवहार दिसला तर काय करावं? मंडळीची बदनामी होईल म्हणून गप्प बसावं का?

गप्प बसू नये. मत्तय अठरामधला क्रम आधी पाळावा: एकट्याने जाऊन विचारावं, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. विचारताना आरोप न करता कागद मागावेत, कारण पुष्कळदा चोरी नसते, वही लिहिण्याचा आळस असतो. कागद मिळालेच नाहीत तर धर्मादाय कार्यालयात लेखी अर्ज करता येतो, संस्थेत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला तो अधिकार आहे. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये, हे पौलाचं म्हणणं आपसातल्या भांडणांबद्दल आहे. विधवांच्या फंडाचा हिशेब हे आपसातलं भांडण नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र नाव टाकू नये.

खजिनदार किती वर्षं एकच असावा?

तीन वर्षं ठीक, पाच म्हणजे पुष्कळ झाली. चार्ज देताना पासबुकं, चेकबुकं, एफडीच्या पावत्या, पेटीच्या किल्ल्या आणि येणी-देणी यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, बँकेत सह्या बदलाव्यात आणि विश्वस्त बदलले असतील तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. जुन्या खजिनदारांना निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर ऑडिटरचा स्वच्छ अहवाल वाचून दाखवावा, सगळ्या मंडळीसमोर.